छाती ठेवायची की काढायची? पुढे कातडीला काय काय होतं, दोन्हीकडचं

मागच्या आठवड्यात एक ताई ब्लाऊज टाकायला आल्या, माप घेताना मी टेप छातीवरून फिरवला तशा एकदम आक्रसल्या आणि मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाल्या, छातीत कॅन्सरची गाठ निघालीय, डॉक्टर म्हणतात गाठ तेवढी काढून शेक, म्हणजे रेडिएशन, देऊ किंवा पूर्ण छाती काढू, तुमच्या केसमध्ये दोन्ही चालतं, आठ दिवसांत विचार करून सांगा. घरात कुणाला विचारायचं तेच त्यांना कळत नव्हतं. माझ्याकडे आल्या कारण आमच्या भागात सगळ्यांना माहितीय की मला झालं होतं. त्यांना बसवून चहा दिला आणि जे सांगितलं तेच इथे लिहून काढतेय, कारण जीव वाचायचं सगळे सांगतात पण नंतर त्या कातडीबरोबर वर्षानुवर्षं राहायचं कसं ते ऑपरेशनच्या आधी कुणी सांगत नाही. मलाही नव्हतं सांगितलं.

मी सोलापुरातच शिवणकाम करते, बावीस वर्षं झाली. २०१७ ला माझ्या डाव्या बाजूची गाठ काढली, काखेतल्या फक्त तीन गाठी (लिम्फ नोड म्हणतात त्या, सगळ्यांनाच असतात, आजार छातीतून तिथे पोचलाय का ते बघतात) तपासायला काढल्या त्या स्वच्छ निघाल्या, आणि मग २० शेक. २०१९ ला माझ्या मोठ्या जाऊबाईंना उजव्या बाजूला झालं, त्यांनी पूर्ण छाती काढली, काखेतल्या सगळ्या गाठी पण साफ केल्या, आणि त्या निगेटिव्ह आल्या म्हणून शेक लागला नाही. म्हणजे एकाच घरात दोन्ही पर्याय राहतात. शिवाय आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एक काकू आहेत त्यांचं छाती, काख, शेक तिन्ही झालं, त्यांचं पण सांगणार आहे कारण खरा फरक कुठे पडतो ते मला त्यांच्याकडे बघून कळलं.

आधी जिवाचं, मग कातडीचं

पहिली भीती हीच की अर्धवट काढलं तर परत येईल आणि मरू. हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर पण मिळालेलं आहे. १९७०च्या दशकात इटलीत मिलानला आणि अमेरिकेत मोठे अभ्यास सुरू झाले, काही बायकांची छाती काढली, काहींची गाठ काढून शेक दिला, अमेरिकेत काहींची नुसती गाठ काढली, आणि २० वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००२ ला दोन्हीचे निकाल छापून आले, जगण्यात फरक नाही. सुरुवातीच्या स्टेजला, जिथे डॉक्टर स्वतःच दोन्ही चालेल म्हणतात तिथे, छाती ठेवली म्हणून आयुष्य कमी होत नाही. पण यात शेक हा भाग सोडायचा नाही. त्या अमेरिकेच्या अभ्यासात गाठ काढून शेक घेतलेल्या १०० मधल्या साधारण १४ जणींना २० वर्षांत त्याच छातीत परत गाठ आली, शेक न घेतलेल्यांत ३९ जणींना. तेव्हाची औषधं वेगळी होती, आता आकडे यापेक्षा चांगले आहेत, पण छाती ठेवते आणि शेक पण नको असं म्हणणाऱ्यांनी हा फरक डोक्यात ठेवावा. वय ६५ च्या पुढे, गाठ लहान, काख स्वच्छ, हार्मोनची गोळी चालणारा प्रकार, अशा बायकांत डॉक्टर कधीकधी शेक सोडतात, ते वेगळं, ते त्यांनी सांगावं लागतं.

दुसरा गैरसमज याच्या उलटा. छाती काढली की शेकाची कटकट नाही, एक घाव दोन तुकडे. जाऊबाईंच्या बाबतीत तसं झालं, काकूंच्या नाही झालं. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, काखेतल्या गाठींत आजार गेलेला असेल, चार किंवा जास्त गाठींत असेल तर बहुतेक नक्कीच, छाती काढल्यावरही त्या सपाट जागेवर शेक देतात. एक ते तीन गाठी असल्या तरी बऱ्याचदा देतात. म्हणून ज्या बाई शेकाला घाबरून छाती काढायला तयार झाल्यात त्यांनी आधी डॉक्टरांना सरळ विचारा, माझी काढली तरी शेक लागण्याची शक्यता किती आहे? जर ती बरीच असेल तर तुम्ही ज्या कारणासाठी छाती देताय ते कारणच उरत नाही. एवढा एकच प्रश्न काकूंनी विचारला असता तर त्यांचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता, असं त्याच म्हणतात.

ठेवली तर : माझ्या कातडीचं

शेक सुरू व्हायच्या आधी सिटी स्कॅन करून छातीवर दोनतीन बारीक निळे ठिपके गोंदतात, मोहरीएवढे, मशीन रोज त्याच जागी बसावं म्हणून. ते जात नाहीत. आमच्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं तसंच, फक्त हे कुणाला दिसत नाही.

माझे शेक एप्रिल-मे मध्ये होते. सोलापूरचा मे काय असतो ते इथल्यांना सांगायला नको, पारा ४३ ला टेकलेला, आणि रिक्षातून रोज जायचं. पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही, मला वाटलं आपण सुटलो. मग तिसऱ्यात कातडी काळी पडायला लागली. पुस्तकात लाल होते लिहिलेलं असतं पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाल दिसत नाही, आधी काळपट जांभळी झाक येते आणि ती जागा गरम लागते, त्यामुळे बघणाऱ्याच्या लक्षात उशिरा येतं, आपणच सांगावं लागतं की इथे भाजतंय. आणि सगळ्यात वाईट दिवस शेक चालू असताना नाही, संपल्यानंतर आठ-दहा दिवसांनी आले, छातीच्या खालच्या घडीत कातडी सोलून ओलं झालं, कपडा चिकटायचा. घरी सगळे म्हणतायत संपलं ना आता, आणि इथे अंगाला पदर लावून घेता येत नव्हता. ज्यांची छाती जड आहे, खाली घडी पडते, त्यांना हे जास्त होतं.

तेव्हा मला कळलं आपल्या गावचा टॉवेल किती खरखरीत असतो. टेरी टॉवेलने पुसायचं नाही, जुनी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी फाडून तिचे तुकडे करून ठेवा आणि टिपून घ्या, घासायचं नाही. साधा वास नसलेला साबण चालतो, कोमट पाणी चालतं. अलोव्हेरा सगळे सांगतात, अभ्यासात त्याचा खास उपयोग दिसला नाही. हलकं स्टेरॉइडचं मलम डॉक्टर लिहून देतात त्याने जळजळ आणि खाज खरंच कमी राहते, ते पहिल्यापासून मागून घ्या. हळद-चंदनाचे लेप डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, लावायला प्रेमाने सांगणारे खूप भेटतात.

हे सगळं महिना-दीड महिन्यात भरून आलं. नवी कातडी आधी गुलाबी-फिकट आली, मग काळपटपणा वर्षभर रेंगाळला. हे तात्पुरतं आहे आणि हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला जे लिहायचंय ते याच्या पुढचं.

साधारण आठव्या-नवव्या महिन्यात एक दिवस आंघोळ करताना हाताला छाती कडक लागली. जिथून गाठ काढली तिथे, सुपारीसारखं नाही, पुठ्ठ्यासारखं, चपटं आणि घट्ट. पोटात गोळा आला. चार रात्री झोपले नाही, परत आलं असंच धरून चालले होते. सोनोग्राफी, मॅमोग्राफी सगळं झालं, तेव्हा तिथल्या एका मॅडमनी शांतपणे सांगितलं की ही शेकानंतरची आतली जखम भरण्याची पद्धत आहे, शरीर तिथे दोरखंडासारखे तंतू घालत राहतं आणि ते महिने-वर्षं चालू राहतं. हे एक वाक्य ज्यांनी मला शेक दिले त्यांनी आधी सांगितलं असतं तर त्या चार रात्री वाचल्या असत्या, हा माझा राग अजून गेलेला नाही. तरी नवीन काहीही हाताला लागलं तर तपासूनच घ्या, आपल्या आपण शेकाचंच असेल म्हणून अंगावर काढू नका.

आज आठ वर्षांनी डावी छाती उजवीपेक्षा लहान आहे, थोडी वर ओढलेली, ब्लाऊज शिवताना मी माझ्या डाव्या कटोरीला अर्ध्या इंचाने टक जास्त घेते. कातडी कोरडी, पातळ, थंडीत खाजते, रोज साधं मॉइश्चरायझर लागतंच. जिथे शेवटचे पाच जास्तीचे शेक दिले, ज्याला बूस्ट म्हणतात, तिथे बारीक लाल कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आल्यात, दुखत नाहीत. आणि एक गोष्ट कुणाला सांगून पटत नाही, मे महिन्यात शिवायला बसले की उजव्या काखेत ब्लाऊज ओला होतो आणि डाव्या काखेच्या खालच्या बाजूला कोरडा राहतो. शेकात घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं जळतात, तिथे केसही विरळ आलेत. ऐकायला बरं वाटतं पण घाम नाही म्हणजे ती कातडी थंडच होत नाही, उन्हात तापते आणि तडतडते.

या बूस्टबद्दल थोडं. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात २० वर्षांनी बघितलं तर बूस्ट घेतलेल्या १०० मधल्या सुमारे ५ जणींना जास्तीचा घट्टपणा आला, न घेतलेल्यांत सुमारे २. त्याच छातीत परत येण्याचं प्रमाण मात्र १६ वरून १२ वर आलं. तरुण बायकांना याचा फायदा जास्त, वयस्करांना कमी. म्हणजे पन्नाशी-साठीच्या पुढच्या बाईने मला बूस्ट खरंच हवा का असं विचारणं चूक नाही.

आणि किती दिवसांचा शेक ते पण विचारा. पूर्वी ५ आठवडे २५ शेक असायचे. इंग्लंडच्या अभ्यासात ३ आठवड्यांत १५ शेक दिलेल्या बायकांची कातडी १० वर्षांनी उलट बरी निघाली, आक्रसणं, लाल जाळी, सूज तिन्ही कमी. २०२० पासून एका आठवड्यात ५ शेकांचे पण निकाल आलेत, ते काही निवडक बायकांना देतात. अक्कलकोट, मंगळवेढ्यावरून रोज येणाऱ्या बाईला पंधरा फेऱ्या आणि पंचवीस फेऱ्या यात केवढा फरक आहे, आणि दोन-तीन तासांचं ऊन कातडीला वेगळंच. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्या जिल्ह्यातलंच आहे, त्या बाजूच्यांना सोलापूरला यायची पण गरज नसते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन आणि शेक दोन्ही बसतं, कुठल्या हॉस्पिटलात ते योजनेच्या खिडकीवर विचारा, पैशासाठी पर्याय बदलू नका.

काढली तर : जाऊबाईंचं

जाऊबाई मला म्हणायच्या, तुझं रोजचं बघून मी ठरवलं, एकदाच होऊन जाऊ दे. त्यांना कातडी भाजण्यातलं काहीच झालं नाही, हे खरं. पण कातडीला काही झालं नाही असंही नाही.

पहिला महिना नळी, पिशवी, मग पाणी साचायचं, दर चार दिवसांनी सुईने काढायचे. मधुमेह असेल तर किंवा तंबाखू असेल तर टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडून मरते, ते भरायला महिने लागतात. सिगारेट बायका ओढत नाहीत म्हणून आपण निर्धास्त असतो पण मशेरीत पण निकोटीनच आहे, आपल्याकडे कितीतरी जणी सकाळी उठून मशेरी लावतात आणि डॉक्टरांनी विचारलं की तंबाखू नाही म्हणतात. खरं सांगा, आणि ऑपरेशनच्या आधी काही आठवडे बंद करा.

मग बधिरपणा. आडवी शिवण, काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत, तिच्या वर-खाली हातभर जागा आणि दंडाच्या आतल्या बाजूची कातडी, तिथे हात लावला तर कळतं पण दुसऱ्याच्या अंगाला लावल्यासारखं. काखेतून एक नस जाते ती ऑपरेशनमध्ये ताणली किंवा कापली जाते त्यामुळे. दुसऱ्या वर्षी थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, त्यांचा खांदा धरला म्हणून रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपल्या. सकाळी मी केस विंचरून द्यायला गेले तर परकराएवढ्या पातळ कातडीवर रुपयाएवढे दोन फोड, पाण्याने भरलेले, आणि त्यांना पत्ताच नाही. मला म्हणाल्या काय बघतेस अशी? मी आरसा दाखवला तेव्हा रडल्या, दुखत नव्हतं म्हणून रडल्या. त्या दिवसापासून घरात नियम, त्या बाजूला गरम पिशवी नाही, आंघोळीचं पाणी डाव्या हाताने बघायचं.

बधिर जागेतच खाज येते, ती खाजवून जात नाही, हे त्यांना अजून छळतं. कधी नसलेल्या छातीच्या टोकाला मुंग्या येतात. हे वेड नाही, पुष्कळ जणींना होतं. काखेतून कोपरापर्यंत आत दोरी ताणल्यासारखी लागायची, हात वर केला की कातडीखाली दिसायची सुद्धा, ती व्यायामाने दोन-तीन महिन्यांत गेली. शिवणीचा व्रण बाहेरच्या टोकाला फुगून आला, केलॉइड म्हणतात ना तसा, छातीची कातडी त्याला फार पटकन बळी पडते. ज्यांना कान टोचल्यावर किंवा आधीच्या टाक्यांवर असा फुगीर व्रण आलाय त्यांनी सर्जनला आधीच सांगा, सिलिकॉनची पट्टी लवकर लावायला सुरुवात करता येते. काखेखाली जादा कातडीची घडी राहते, अंगाने भरलेल्या बायकांना तर हमखास, आणि त्या घडीत घामोळं आणि बुरशी. जाऊबाईंच्या मे महिन्याची गोष्ट ही आहे, माझी बाजू घामाविना तडतडते आणि त्यांची घडीत भिजून चिघळते.

आत भरायचं पॅड त्यांनी दोन घेतले. सिलिकॉनचं जड, ठेवण छान येते, पण त्याच्याखाली उन्हाळ्यात पुरळ. मग मी जुन्या मऊ सुती कापडाचं शिवून दिलं, आत कापूस आणि खाली मूठभर मोहरी वजनाला, ते त्या घरात वापरतात आणि सिलिकॉनचं लग्नाकार्याला. एका बाजूचं वजन गेलं की खांदा वर चढतो, त्यामुळे थोडं वजन हवंच.

नवीन छाती बनवून घ्यायचं ठरवलं असेल तर एक गोष्ट आधीच बोलून घ्या. सिलिकॉनचं इम्प्लांट आणि शेक यांचं पटत नाही, शेकानंतर इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळत जातं, कडक आणि वाकडं होतं. पोटाचं किंवा पाठीचं स्वतःचं मांस घेऊन केलेली छाती शेकाला जास्त सोसते, पण ते ऑपरेशन मोठं आणि व्रण दोन ठिकाणी. म्हणजे इथे पण तोच प्रश्न, शेक लागणार का?

मुंढा

शिवणारी आहे म्हणून असं दिसतं मला. सगळे छातीकडे बघून ठरवतात आणि ब्लाऊज अडतो मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या गोलात. माझा आणि जाऊबाईंचा सगळ्यात मोठा फरक छातीचा नाहीच, काखेचा आहे. माझ्या तीनच गाठी काढल्या, त्यांच्या सगळ्या. अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तर काख पूर्ण साफ केलेल्या १०० मधल्या सुमारे २० बायकांना हाताला कायमची सूज येते, नुसत्या तपासणीच्या गाठी काढलेल्यांत ५-६ जणींना. आणि वरून काखेला शेक बसला तर आणखी वाढते. म्हणजे तुम्ही छाती ठेवा नाहीतर काढा, काख कशी करणार हा प्रश्न त्यापेक्षा मोठा, आणि तो आठ दिवसांच्या विचारात कुणाच्या तोंडात येत नाही. आधी निळं औषध किंवा आयसोटोप (मशीनने शोधता येणारं औषध) टोचून काखेतल्या पहिल्या गाठी तेवढ्या तपासायची सोय तुमच्या हॉस्पिटलात आहे का ते विचारा, नसेल तर जिथे आहे तिथे जायला हरकत नाही.

काकूंचं सांगायचं राहिलं. त्यांचा डावा हात मनगटापासून फुगलाय, बांगडी कधीच काढली, दंडाला माझा नेहमीचा मुंढा बसत नाही, मी त्यांची एक बाही दीड इंच मोठी कापते. सुजेची कातडी हळूहळू जाड होते, बोट दाबलं तर आधी खळगा पडायचा आता पडत पण नाही. विडीची पानं कात्रीने कापताना बोटाला जरासं लागलं, रोज लागतंच, आणि रात्रीतून कोपरापर्यंत हात लाल, गरम, अंगात थंडी भरून ताप. अॅडमिट करून सलाईनमधून औषध द्यावं लागलं. सुजलेल्या हाताला जंतू लगेच धरतात म्हणून नखाची कड, भेग, चटका, काटा, सगळ्याला लगेच औषध. आता त्या बोटाला कापडी टोपी घालून पानं कापतात, मीच शिवून दिल्यात सहा. छातीच्या जागेवर शेक झाल्यामुळे कातडी बरगडीला चिकटल्यासारखी, हात डोक्यावर नेताना ओढ बसते. घट्टपणाला पेंटॉक्सिफायलीन आणि व्हिटॅमिन ई ची गोळी काही डॉक्टर देतात, काकूंना थोडा फरक पडला, सगळ्यांना पडतोच असं नाही, अभ्यासांचं पण एकमत नाही. रोज हात वर करण्याचा व्यायाम आणि तेलाच्या बोटांनी हळूहळू मालिश, याने काकूंना गोळीपेक्षा जास्त आराम आहे.

मग कुणी काय करावं

डॉक्टरांनी दोन्ही चालतं म्हटलं असेल तर माझं मत छाती ठेवायच्या बाजूचं आहे आणि मी ते लपवत नाही. कातडी काळी पडली, आक्रसली, पण स्पर्श माझा माझ्याकडे राहिला, आणि आरशासमोर मला रोज नवीन सुरुवात करावी लागली नाही. जाऊबाईंना विचाराल तर त्या म्हणतील काढून टाकलेलं बरं, त्यांना मॅमोग्राफीच्या दर वर्षीच्या धाकधुकीतून उजवी बाजू सुटली याचं समाधान आहे, आणि ते समाधान खोटं नाही. फक्त काढलेल्या बाजूलाही शिवणीवर, कातडीत बारीक कडक पुटकुळी आली तर दाखवायचीच, तिथेही परत येऊ शकतं.

पण काहींनी माझ्या मताकडे बघूच नये. ज्यांना स्क्लेरोडर्मा आहे, म्हणजे कातडी आपोआप कडक होत जाण्याचा आजार, किंवा अंगात जोरात असलेला ल्युपस, म्हणजे शरीराची ताकद शरीरावरच उलटण्याचा आजार, त्यांना शेकानंतर कातडीचं फार वाईट होऊ शकतं, त्यांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे. त्याच छातीवर आधी कधी शेक झालेला असेल तर परत द्यायला बहुतेक जागा नसते. गरोदर असाल तर शेक लगेच देता येत नाही. छातीतच गाठी दोन-तीन ठिकाणी लांब लांब असतील, किंवा घरात आई, मावशी, बहीण अशी साखळी असून जीनची टेस्ट पॉझिटिव्ह आली असेल तर काढण्याचा विचार वेगळ्या कारणाने होतो, कातडीचा प्रश्न तिथे मागे पडतो. आणि ज्या बाईला पंधरा दिवस रोज जाणं कुठल्याच मार्गाने जमणार नाही, सोबतीला कुणी नाही, तिने शेक अर्धवट सोडण्यापेक्षा सरळ काढलेली बरी.

शेक घेतलेल्यांसाठी एक दुर्मिळ गोष्ट, घाबरवायला नाही पण माहीत असावी म्हणून. पाच-सात-दहा वर्षांनी शेकाच्या जागेवर मार लागल्याशिवाय निळसर-जांभळा डाग आला, वाढत गेला, तर तो तसाच बघत बसायचा नाही. हजारात एखादीला त्या कातडीत वेगळा कॅन्सर होतो आणि तो सुरुवातीला मुका मार लागल्यासारखाच दिसतो. आणि पुढे कधी केमो घ्यावं लागलं तर जुनी शेकाची जागा अचानक पुन्हा भाजल्यासारखी लाल होऊ शकते, तेव्हा केमोच्या डॉक्टरांना लगेच सांगायचं.

कपड्याचं माझ्या हातातलं आहे ते सांगते. शेक चालू असताना पुढून हुक, सुती, अस्तर पण सुती, तार असलेली ब्रेसियर नाही. बाजूची टीप उलटी, म्हणजे बाहेरून घ्यायला सांगा, आतली टीप त्या कातडीला करवतीसारखी लागते. मंगळसूत्र थोडे दिवस लांब घाला नाहीतर काढून ठेवा. शेकलेल्या जागेवर पुढे कायमच ऊन नको, मोठा गळा शिवू नका, पदर घ्या.

आणि त्या ताईंना जाताना मी जे केलं ते. ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांचं माप घेऊन ठेवा, कारण सूज आली की नाही हे नंतर आठवणीवर कळत नाही, आणि आपला एक हात तसाही दुसऱ्यापेक्षा थोडा जाड असतो. मनगट, कोपराच्या चार बोटं खाली, चार बोटं वर, आणि दंड मुंढ्यापाशी, चार ठिकाणी, टेप न आवळता. जाऊबाईंचं मी दर महिन्याच्या एक तारखेला घेते, शिवणाच्या वहीत शेवटच्या पानावर, दोन सेंटिमीटरने जरी वाढलं तरी त्याच आठवड्यात फिजिओकडे जातो आम्ही. २०२१ ला एकदा वाढलं होतं, पट्टी बांधून उतरलं. ताईंचं पान मी परवाच सुरू केलं, डावं मनगट १५, उजवं साडेपंधरा.